शेजारची ताई मुलं सांभाळायला येते. तिला पैसे किती द्यायचे आणि वागवायचं कसं?

रात्री उशिरा आपण घरी परततो. मूल झोपलेलं असतं. सांभाळायला आलेली मुलगी दारात चपला घालत असते आणि आपण विचारतो, "बरं, किती द्यायचे तुला?" पंधरा-सोळा वर्षांची मुलगी यावर काय बोलणार? "काहीही द्या काकू," एवढंच. मग काकू पाकिटात सापडतील त्या नोटा तिच्या हातावर ठेवतात, ती न मोजता खिशात घालते आणि व्यवहार छान झाला असं काकूंना वाटतं. तिला काय वाटलं हे कळत नाही, कारण ती सांगत नाही. फक्त पुढच्या वेळी बोलावलं की तिची परीक्षा असते, त्याच्या पुढच्या वेळी क्लास.

या वयातली मुलं मोठ्या माणसांकडे पैसे मागू शकत नाहीत. "तुम्हाला उशीर झाला" असं म्हणू शकत नाहीत. "हे माझं काम नाही" हे तर नाहीच नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती इथे अगदी खरी ठरते. म्हणून तिच्यावर तोंड उघडायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था मोठ्यांनी आधीच करून ठेवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत. सोयीसाठी मी सगळीकडे 'ती' लिहिलं आहे, पण मुलगेही हे काम करतात आणि चांगलं करतात. दर दोघांना एकच.

पहिली पायरी: तिचं वय आणि तुमची गरज जुळते का ते बघा

पैशाच्या आधी हा प्रश्न सोडवावा लागतो. 13 वर्षांची मुलगी आणि 17 वर्षांची मुलगी यांत फार फरक असतो, आणि आठ महिन्यांचं बाळ व सात वर्षांचा मुलगा यांत त्याहून जास्त.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1973 च्या किमान वयाच्या कराराने 13 ते 15 वयोगटाला हलकं काम करायची मुभा ठेवली आहे, पण तब्येतीला आणि शाळेला धक्का लागणार नाही या अटीवर. भारतात बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. घरच्या उद्योगातली मदत आणि बालकलाकार एवढेच अपवाद, तेही अटींसह. ब्रिटनमध्ये बेबीसिटरला किमान वयाची कायदेशीर अट नाही, मात्र सांभाळणारी 16 च्या आतली असेल तर मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने आईवडिलांवरच राहते. आपल्या ठिकाणचा नियम आधी वाचून घ्या.

नियमापलीकडचं माझं मत असं: 16 च्या आतल्या मुलीला बाळासोबत घरात एकटं ठेवू नये. तिच्यात काही कमी असते म्हणून नव्हे. बाळाच्या घशात काही अडकलं तर त्या क्षणी जे ओझं तिच्यावर पडेल ते त्या वयाला झेपणारं नाही. तेरा-चौदाची मुलगी मदतीला हवी असेल, आणि तुमच्याकडचा नियम तशी मुभा देत असेल, तर तुम्ही घरात असताना तिला बोलवा. तुम्ही आतल्या खोलीत काम करा, ती बाहेर मुलाशी खेळेल. यालाही पैसे द्यायचेच, दर थोडा कमी चालेल.

तिच्या आईवडिलांना एकदा भेटा. तुमचं घर, तुमचा नंबर, घरात कोण कोण असतं हे त्यांना माहीत हवं. वेळा ठरवायचे मेसेज तिला एकटीला पाठवण्यापेक्षा तिच्या आईचा किंवा वडिलांचा समावेश असलेला छोटा ग्रुप करा. मोठ्या माणसाने अल्पवयीन मुलीशी खाजगीत मेसेजवर बोलत राहणं कुणालाच सोयीचं नसतं, आणि ग्रुप असला की कुणाला संकोचही उरत नाही.

दुसरी पायरी: दर तुम्ही सांगा, तोही आधी

"तुझी अपेक्षा काय?" हा प्रश्न मोठ्या उमेदवाराला ठीक आहे. किशोरवयीन मुलीला विचारला की ती हमखास कमी आकडा सांगते, किंवा सांगतच नाही. म्हणून आकडा तुम्ही काढा आणि मग विचारा, "हा मला बरोबर वाटतो, पण आईशी बोल आणि उद्या कळव." एक दिवसाचा अवधी फार कामाचा असतो; समोरासमोर नाही म्हणता येत नाही, घरी जाऊन म्हणता येतं.

आकडा काढायचा कसा? दोन टोकं पकडा. एक टोक, तुमच्या भागात अनुभवी मोठी बाई हेच काम तासाला किती घेऊन करते. दुसरं टोक, तिच्याच वयाची मुलं तासावर जी इतर कामं करतात, लहानांची शिकवणी घेणं किंवा दुकानात मदत करणं, त्यात त्यांना किती मिळतं. तुमचा दर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसला पाहिजे. खालच्या टोकाच्या खाली गेलात तर तुम्ही तिच्या वयाचा फायदा घेत आहात. किमान वेतनाचा कायदा कित्येक ठिकाणी अशा तुरळक कामाला लागू होत नाही, पण तो आकडा तळ म्हणून धरायला कुणाची ना नाही.

मग त्यावर भर घालायची. दुसरं मूल असेल तर मूळ दराच्या पाव पट. अगदी लहान बाळ, आजारातून उठलेलं मूल, विशेष काळजी लागणारं मूल, यांनाही वाढीव. सणाची किंवा वर्षअखेरची रात्र असेल, म्हणजे तिच्या सगळ्या मैत्रिणी मजा करत असताना ती तुमच्या घरी बसणार असेल, तर दीडपट तरी द्या.

एक हिशेब करून बघू. ठरलं होतं संध्याकाळी 5 ते 8. तुम्ही परतलात 8 वाजून 40 मिनिटांनी. मुलं दोन. वेळ झाली 3 तास 40 मिनिटं, ती वरच्या तासात नेऊन 4 तास धरायची. दोन मुलांसाठी दर सव्वापट. म्हणजे 4 गुणिले सव्वा, एका मुलाच्या दराने 5 तासांचे पैसे झाले. घाईत "तीन तासांचं ठरलं होतं" म्हणून 3 तासांचे दिले असते तर तिच्या कमाईतले 2 तास बुडाले असते, आणि तिने चकार शब्द काढला नसता.

वेळ नेहमी वरच्या बाजूला धरायची, निदान अर्ध्या तासाच्या हिशेबाने. खाली कधीच नाही. मूल झोपलेलं होतं म्हणून ते तास स्वस्त, हा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो टिकत नाही. तुम्ही निर्धास्त बाहेर बसलात ते ती तिथे जागी होती म्हणून.

नात्यातली असेल तर

सर्वांत जास्त फसवणूक भाची-पुतणीची होते. "घरचीच आहे, तिला काय पैसे द्यायचे?" असं म्हणून तिची अख्खी सुट्टी वापरली जाते आणि शेवटी एखादा ड्रेस घेतला जातो, तोही आपल्या पसंतीचा. कधीतरी तासभर बघणं ही नात्यातली मदत झाली. पण दर शनिवारी, ठरलेल्या वेळी, तुमच्या कामासाठी ती येत असेल तर ते काम आहे आणि त्याचे पैसे रोख द्यायचे. तिच्या आईला अवघड वाटत असेल तर तिच्याशी स्पष्ट बोला: "ताई, बाहेरची मुलगी ठेवली असती तर दिलेच असते ना? मग आपलीने का कमी घ्यायचे?" तरीही घेतच नसतील तर तिच्या नावाने खातं उघडायला सांगा आणि त्यात नियमाने भरा. भेटवस्तू हवी तर वेगळी द्या, मोबदल्याच्या जागी नको.

तिसरी पायरी: काम म्हणजे नेमकं काय ते लिहून ठेवा

एक पान पुरे. काय करायचं आणि काय करायचं नाही, दोन्ही.

मुलाला खायला देणं, खेळवणं, अभ्यासाला बसवणं, झोपवणं, आणि या सगळ्यात जो पसारा होईल तो आवरणं, हे तिचं काम. सिंकमधली सकाळची भांडी, वाळत घातलेले कपडे, कुत्र्याला फिरवणं, म्हाताऱ्या आजींची औषधं, हे तिचं काम नाही. अमेरिकेतल्या संघीय कामगार नियमांत यासाठी एक चांगली मोजपट्टी आहे: एखाद्या वेळच्या बेबीसिटिंगमध्ये घरकामाचा वाटा एकूण वेळेच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर ते तुरळक बेबीसिटिंग मानत नाहीत आणि किमान वेतन न देण्याची सवलत जाते. चार तासांत जास्तीत जास्त 48 मिनिटं, असा त्याचा अर्थ. तुम्ही कुठेही राहत असा, ही रेघ मनात ठेवा. जास्तीचं काम खरंच हवं असेल तर आधी विचारा, त्याचा वेगळा दर सांगा, आणि "नको" हे उत्तर आलं तर ते हसून घ्या.

किशोरवयीन मुलीवर टाकूच नयेत अशा काही गोष्टी आहेत: औषध देणं (डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि तुम्ही मोजून ठेवलेलं असलं तरी शक्यतो वेळ अशी बसवा की ते तुम्हीच द्याल), तान्ह्या बाळाची अंघोळ, पोहण्याच्या तलावावर नेणं, मुलाला गाडीवर बसवून कुठे नेणं.

त्याच पानावर सुरक्षिततेच्या चार ओळी. बाळ असेल तर त्याला उताणंच झोपवायचं आणि पाळण्यात उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी ठेवायची नाहीत. एक वर्षाखालच्या मुलाला मध चाटवायचा नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू पोटात जाऊ शकतात. लहानांना अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, कडक गोळ्या नाहीत. टबमध्ये किंवा बादलीत पाणी भरून ठेवायचं नाही. तुमचे दोघांचे नंबर, पाच मिनिटांत पोचू शकेल अशा एका शेजाऱ्याचा नंबर, घराचा पूर्ण पत्ता (घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घराचा पत्ता आठवत नाही) आणि आणीबाणीचा क्रमांक. भारतात आणि युरोपीय संघात तो 112 आहे, अमेरिकेत 911.

आणखी एक वाक्य ठळक अक्षरात लिहा: "शंका आली तर फोन कर, आम्ही रागावणार नाही." आणि तिने क्षुल्लक कारणासाठी फोन केला तर खरंच रागावू नका. एकदा वैतागून "एवढ्यासाठी फोन?" म्हणालात की पुढच्या वेळी गरज असतानाही ती फोन करणार नाही.

चौथी पायरी: पहिला दिवस तुमच्या देखत, पैसे देऊन

ती पहिल्यांदा येईल तेव्हा तुम्ही घरातच थांबा, तास-दोन तास. गॅस कसा बंद होतो, कुठल्या दाराची कडी अडकते, मूल झोपायच्या आधी कुठली नाटकं करतं, हे सगळं दाखवा. या तासांचेही पैसे द्यायचे. "ट्रायल" म्हणून फुकट राबवून घ्यायची पद्धत मोठ्यांच्या नोकऱ्यांतही वाईटच आहे.

मुलासमोर तिचा अधिकार तुम्ही उभा करा. "ताई सांगेल तेव्हा टीव्ही बंद" हे तुमच्या तोंडून मुलाने ऐकलं पाहिजे, नाहीतर तिचं कोण ऐकणार? तसंच मुलाला मारायचं नाही, कोंडायचं नाही, घाबरवायचं नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. मुलाने फारच त्रास दिला तर तिने काय करायचं, याचं उत्तर तिला देऊन ठेवा. बहुतेक वेळा ते उत्तर "मला फोन कर" हेच असतं.

घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे ते दाखवा. लपवून लावलेला कॅमेरा हा तिच्यावर अविश्वास तर आहेच, आणि ती अल्पवयीन आहे हे विसरू नका. फोटोंचा नियम दोन्हीकडून सारखा: तिने तुमच्या मुलाचे फोटो कुठे टाकायचे नाहीत, तुम्ही तिचे टाकायचे नाहीत.

खाण्याचं मोघम ठेवू नका. "भूक लागली तर घे काहीतरी" असं म्हटलं तर ती चार तास उपाशी बसेल, पण परक्याचा फ्रिज उघडणार नाही. तिच्यासाठी ताट किंवा डबा वेगळा काढून ओट्यावर ठेवा आणि सांगा, "हे तुझं आहे." वायफायचा पासवर्ड द्या, चार्जर कुठे आहे ते दाखवा. मूल झोपल्यावर तिने अभ्यास केला, फोन बघितला, तर हरकत नसावी. मूल जागं असताना फोन बाजूला. एवढा नियम पुरतो.

पाचवी पायरी: वेळ पाळा, आणि तिला घरी पोचवा

तुम्ही सांगितलेली वेळ ही तुमच्यावरही बंधनकारक आहे. दुसऱ्या दिवशी तिची शाळा असते. जर्मनीत 13 वर्षांवरची शाळकरी मुलं पालकांच्या संमतीने असं हलकं काम करू शकतात, पण दिवसाला 2 तासच, आणि संध्याकाळी 6 नंतर नाही. इतकं कडक राहणं प्रत्येकाला जमणार नाही. पण शाळेच्या आदल्या रात्री दहाच्या पुढे थांबवायचं नाही आणि परीक्षेच्या आठवड्यात बोलवायचंच नाही, हे जमतं. तिच्या परीक्षांच्या तारखा महिन्याच्या सुरुवातीला तुम्हीच विचारून घ्या.

उशीर होतोय असं दिसताच तिला आणि तिच्या घरी, दोन्हीकडे कळवा. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी कळवलेला उशीर आणि वेळ उलटून गेल्यावर कळवलेला उशीर यांत फार फरक पडतो.

रात्री तिला एकटीला पाठवायचं नाही, घर दोन गल्ल्या पलीकडे असलं तरी. कोण सोडणार हे संध्याकाळीच ठरवा आणि तिच्या आईवडिलांना सांगा. जो दारू प्यायला आहे त्याने गाडी चालवायची नाही. हे तिला म्हणावं लागू नये, तुम्हालाच कळलं पाहिजे. काकांसोबत गाडीत एकटं जायला तिला अवघडल्यासारखं वाटत असेल तर कारण विचारू नका, दुसरी सोय करा. रिक्षा किंवा टॅक्सी केली तर भाडं तुमचं, मोबदल्यातून कापायचं नाही. "पोचले" असा मेसेज येईपर्यंत जागं राहा.

सहावी पायरी: पैसे त्याच दिवशी, पूर्ण, तिच्या हातात

निघायच्या आधीच सुट्टे पैसे पाकिटात घालून ठेवा. उशीर झाला तर वरचे घालायला थोड्या नोटा वेगळ्या. देताना हिशेब बोलून दाखवा: "चार तास झाले, दोघांचा दर, हे एवढे. मोजून घे." "मोजून घे" हे दोन शब्द म्हणाच. ते ऐकले नाहीत तर मोजणं म्हणजे उद्धटपणा, असंच तिच्या डोक्यात बसतं.

ऑनलाइन द्यायचे असतील तर कुणाच्या खात्यावर हे आधी विचारा. बरेचदा ते आईच्या खात्यावर जातात. तसं झालं तर रक्कम तिलाही मेसेजने कळवा, म्हणजे आपण किती कमावलं ते तिला कळेल. "पुढच्या वेळी एकदम देते" नको. मोठा माणूस दोन दिवसांनी आठवण करून देईल, ही देणार नाही.

कप फुटला, भिंतीवर रंग लागला, तर पैसे कापायचे नाहीत. मुलं असलेल्या घरात हे होतंच, तुमच्या हातूनही झालं असतं.

रद्द करण्याचा नियम सुरुवातीलाच सांगून टाका. माझ्या मते बरा नियम असा: एक दिवस आधी कळवलं तर काही नाही, त्यानंतर रद्द केलं तर अर्धे पैसे, ती दारात येऊन पोचल्यावर रद्द झालं तर पूर्ण. तुमचं मूल तापाने फणफणलेलं असेल तर ते तिला यायच्या आधी सांगा आणि नाही म्हणायची मोकळीक द्या. आणि ती आजारी पडून ऐनवेळी आली नाही, तर "आता आम्ही काय करायचं?" असं सुनवू नका. ती सोय शोधणं तुमचं काम आहे. एक दुसरं नाव हाताशी ठेवा.

तक्रार असेल तेव्हा

मुलगा म्हणाला, "ताई दिवसभर फोनवरच होती." ऐकून घ्या, पण लगेच फोन उचलून तिला झापू नका. सहा वर्षांच्या मुलाचा दिवसभर कधीकधी पाच मिनिटांचा असतो. तिला वेगळं भेटून विचारा, मुलासमोर नाही आणि तिच्या आईमार्फत तर नाहीच: "परवा काय झालं होतं?" चूक असेल तर नेमकी सांगा. मात्र मूल घाबरलेलं दिसत असेल, अंगावर वळ असेल, किंवा तिच्याकडे जायलाच नको म्हणत असेल, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला बोलावू नका. आणि उलट बाजूही विचारा. "आमच्या घरी तुला काही खटकलं का?" हे दोन-तीन महिन्यांतून एकदा विचारायचं. पहिल्यांदा "नाही" येईल. तिसऱ्यांदा कदाचित खरं उत्तर येईल.

दर वाढवणं आणि काम संपवणं

ती नियमित येत असेल तर वर्षातून एकदा दर वाढवा, न मागता. दुसरं बाळ आलं, वेळा वाढल्या, तिने प्रथमोपचाराचा कोर्स केला, तर तेव्हाच वाढवा. अमेरिकन रेड क्रॉस 11 वर्षांपासूनच्या मुलांना बेबीसिटिंगचं प्रशिक्षण देते. तुमच्या भागात असं काही असेल तर फी तुम्ही भरा. शिकलेली ती तुमच्याच मुलाच्या उपयोगी पडणार आहे.

गरज संपली की बोलवायचं नुसतं बंद करू नका. दोन-तीन आठवडे आधी सांगा, राहिलेला सगळा हिशेब चुकता करा, मुलाला तिचा निरोप घेऊ द्या. आणि तिला एक शिफारसपत्र द्या. त्यात किती महिने काम केलं, किती वयाची किती मुलं सांभाळली, काय चांगलं जमलं याचं एक खरं उदाहरण, आणि खाली तुमचं नाव व फोन नंबर एवढं असलं की पुरे. ती मागेल म्हणून थांबू नका. शेवटच्या पैशांच्या पाकिटातच घालून द्या.